आईच्या आवाजाची बाहुली

माझ्या भावाची बायको काविळीनं गेली तेव्हा तिची पोरगी पाच वर्षांची होती. माझ्या माहेरी धावड्याला घरात दुसरं बाईमाणूस न्हाई, आई आधीच गेलेली, भाऊ आणि आमचे वडील दिवसभर म्हशींमागं. म्हणून पोरीला मी बदनापूरला माझ्याकडं आणली. दोन हजार साल उलटून गेल्तं तेव्हाची ही गोष्ट. आणली तर खरी, पण ती जेवंचना. ताट पुढं ठेवलं की तोंड घट्ट मिटून भिंतीकडं बघत बसायची. मी आधी गोडीनं घेतलं, मंग दटावलं, एकदा तर चापटही मारली. माझा स्वभाव तापट, खोटं कशाला बोलू? न्हाऊ घालताना तिच्या बरगड्या हाताला लागायला लागल्या, तसा माझाच घास घशाखाली उतरंना. ही पोरगी माझ्या घरात वाळून जाती की काय, दिवसभर तेच डोक्यात.

माझा दीर औरंगाबादला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. दिवाळीला येताना त्यानं एक बाहुली आणली. खऱ्या बाळाएवढी, आडवी केली की डोळे मिटणारी, गाल दाबला तर मऊ. तिच्या पोटात एक लहान डबी होती. डबीत आपण दोन वाक्यं बोलून ठेवायची. मंग समोर कुणी बोललं आणि थांबलं, की बाहुली ती वाक्यं बोलायची. मी विचारलं, आपण काय बोललो ते तिला कळतं का? तो हसला. म्हणाला, बिलकुल न्हाई वहिनी, आवाज आला आणि थांबला, एवढंच तिला कळतं. पण पुढं कळणाऱ्याही निघतील, पोरांशी दिवसभर गप्पा मारतील. मी म्हटलं, निघतील तेव्हा निघू दे, आज हिचा काय उपयोग?

उपयोग मीच शोधला. भावाकडं एक कॅसेट होती, पोरगी बोबडं बोलायची तेव्हा हौसेनं भरलेली. तिच्यात मधेच भावजयीचा आवाज होता, रडणाऱ्या पोरीला भरवतानाचा. ‘काही न्हाई होत माझ्या सोन्याला. एवढा घास खा, मंग बरं वाटंल.’ दिरानं टेप बाहुलीजवळ धरून तेवढंच डबीत भरून घेतलं. आणि भावजयीची एक साडी माझ्याकडं होती, तिच्या अंगावरची, तिचा पदर फाडून मी बाहुलीला झगा शिवला. साडी मुद्दाम धुतली न्हाई.

हे मला वडलांकडूनच आलं होतं. मी लहान असताना, एक्क्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला, आमच्या एका म्हशीचं रेडकू मेलं आणि तिनं पान्हा चोरला. वडलांनी रेडकाचं कातडं काढून वाळवलं, आत गवत भरून शिवलं आणि म्हशीपुढं उभं केलं. आई ते जरा धुवायला गेली तर वडील तिच्यावर खेकसले होते. वास राह्यला पाहिजे, म्हणाले. म्हैस ते गवताचं रेडकू चाटायची आणि खाली चरवी भरायची. दूध आटल्यावर वडलांनी ते तिच्या नजरेआड नेऊन ओढ्यात टाकलं. चार दिवस म्हैस दाव्याला हिसके देत रेकत होती. तिच्यादेखत पुरायला पाहिजे होतं, असं वडील पुढं कितीदा तरी बोलून दाखवायचे.

तर बाहुली मी पोरीपुढं ठेवली. तिनं आधी झग्यात तोंड खुपसलं. मंग हळूच म्हणाली, “आई?” बाहुली बोलली, आणि पोरीनं आ केला. त्या दिवशी तिनं अर्धी भाकरी खाल्ली. मी चुलीकडं तोंड करून रडून घेतलं.

महिन्याभरात पोरगी भरली. बाहुली घेऊन ती कपाटामागं बसायची आणि तिच्याशी कुजबुजायची. मला बरंच वाटलं. कटकट न्हाई, रडारड न्हाई. मी शेजारी बसायला जायला लागले, शिवणाची कामं घेतली. पोरगी काय बोलती, हे कधी कान देऊन ऐकलं न्हाई. ऐकायला बाहुली होती ना.

संक्रांतीला वडील आले. पोरीच्या मांडीवरची बाहुली त्यांनी उचलली, झगा नाकाशी नेला, आणि त्यांचा चेहराच उतरला. पोरगी बाहेर गेल्यावर म्हणाले, “म्हशीचं दूध काढायचं होतं म्हणून मी तसं केलं. तू ह्या लेकराचं काय काढून घ्यायलीस?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगी जेवून राह्यली ते दिसत न्हाई का, तुमच्याकडं असती तर एव्हाना गेली असती, असं वाट्टेल ते मी बोलले. ते चहाला न थांबता बसस्टँडवर गेले. मी बाहुलीच्या झग्याचा उसवलेला काठ त्याच दुपारी रागारागानं टाचून टाकला.

त्यानंतर पंधरा दिवस गेले असतील. पोरगी जरा सुस्त दिसत होती, पण ताट पुसून खात होती, म्हणून मी मनावर घेतलं न्हाई. एका सकाळी मालक कामाला जालन्याच्या गाडीनं गेले आणि मी केर काढता काढता कपाटापाशी आले. मागून पोरीचा आवाज आला. “आई, पोट लई दुखून राह्यलं.”

ती थांबली आणि बाहुली बोलली. ‘काही न्हाई होत माझ्या सोन्याला. एवढा घास खा, मंग बरं वाटंल.’

मी वाकून बघितलं. पोरगी पोटाशी गुडघे घेऊन बसली होती. तोंडात शिळ्या भाकरीचा तुकडा कोंबत होती, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. अंगाला हात लावला तर चटका बसला. तुकडा गिळला आणि पुढच्या मिनिटाला तिनं हिरवं ओकलं. तशीच तिला खांद्यावर टाकून मी रस्त्यावर धावले आणि मिळंल त्या जीपमधे बसले. जालन्याला तिला तडक दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटायच्या बेतात आहे, जल्दी कापावं लागंल. कधीपासून दुखतं म्हणून विचारलं तर मला सांगता येईना. पोरीनं तीन बोटं दाखवली. तीन दिवस! कुणाला सांगितलं न्हाईस का बाळा, त्यांनी विचारलं.

“आईला सांगितलं.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी आई न्हाई, आत्या आहे, एवढंच मी सांगितलं; बाहुलीचं न्हाई सांगितलं. आत तिचं ऑपरेशन चाललं होतं आणि बाहेर मी बाकावर बसून स्वतःला शिव्या घालत होते. तीन दिवस माझ्या हाताचं ताट ती दुखत्या पोटात ढकलत होती, आणि मी खूश होते.

पोरगी वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं बाहुलीच मागितली. मालक म्हणाले, दे तिला, आता कशाला दुखवायचं. सांगावा मिळताच वडील धावड्याहून आले होते. त्यांना बघितलं आणि मला ती रेकणारी म्हैस आठवली. मी मालकांना बाहुली आणायला लावली, आणि येताना कात्रीही आणा म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पोरीच्या देखत शिवण उसवली. आतला कापूस काढला, डबी काढून तिच्या हातात दिली. म्हटलं, “ह्यात आई न्हाई. आवाज तिचाच आहे, पण तो मी भरून ठेवला. चुकलं माझं.”

तिनं डबी उलटसुलट करून बघितली. मंग डबी तोंडाजवळ धरून म्हणाली, “आई, माझं पोट कापलं.” डबीनं आपलं नेहमीचंच सांगितलं. पोरगी विचारात पडली. पुन्हा म्हणाली, “म्हैस.” डबी म्हणाली, काही न्हाई होत माझ्या सोन्याला. तिनं “खिडकी” म्हणून बघितलं. तरी तेच.

तिनं डबी चादरीवर ठेवली. आता रडंल असं मला वाटलं. रडली न्हाई. झगा तेवढा मुठीत धरला आणि माझ्याकडं तोंड केलं.

“आत्या, टाके दुखून राह्यलेत.”

मी म्हटलं, “कुठं? दाखव.”