राखणदाराचं काय ते वेगळं

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण तारकर्लीत त्या संध्याकाळी मी जे केलं, ते सांगताना मला अजून घाम फुटतो.

मी मूळचा मालवणी. म्हणजे आडनावाने. जन्म गेला डोंबिवलीत. बायको मेधा नागपूरची. तिला लग्नापासून ऐकवत आलोय, "आमच्या कोकणात एकदा चल, मग बघ!" शेवटी नेलं. हॉटेलही मीच निवडलं. आता तिथे नाक कापलं गेलं असतं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं, कळलं ना?

आणि हॉटेल कसलं! नळाला पाणी नाही. एसी भिंतीवर नुसता टांगलेला. फोटोतला समुद्र कुठे म्हणून विचारलं, तर मालक म्हणाले, "पाण्याच्या टाकीर चढलात काय दिसता."

"एसीचे वेगळे, गरम पाण्याचे वेगळे," ते सांगत गेले. मग इकडेतिकडे बघून एकदम आवाज खाली आणला. "आणि राखणदाराचा काय ता खुशयेन द्या. पण विसरा नकात हां. तापट आसा तो."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"राखणदार म्हणजे?" मेधाने विचारलं.

"हळू बोल!" मी तिला ओढतच खोलीत नेलं. "या जागेचा रक्षक. दिसत नाही. काठी घेऊन हद्दीत फिरतो. त्याचं त्याला दिलं नाही, तर..."

"तर काय?"

तेवढ्यात लाइट गेली!

खोटं नाही सांगत. तिन्हीसांजेची वेळ, सुरूच्या झाडांत वारा सूं सूं करतोय, आणि त्यातून आवाज आला. ठक्. ठक्. काठीचा! मग खोकला. मी दार किलकिलं केलं. माणूस दिसेना. नुसता एक लाल ठिपका, जमिनीपासून हातभर वर, आणि विडीचा वास.

तुम्ही असता तर पळाला असता! पण मी मालवणी. पिशवीतून बाटली काढली, एक पेग भरला, जेवणाच्या पार्सलमधला तळलेला बांगडा घेतला आणि दोन्ही पायरीवर ठेवलं. हात जोडले आणि गावचे लोक देवापुढे घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा! तुझी लेकरा तुझ्या हद्दीत इली हत. काय चुकला माकला तर पदरात घे म्हाराजा! नळाक पाणी येवंदे म्हाराजा! एसी थंड होवंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अंधारातून कुणीतरी म्हणालं.

मी आत कसा आलो, मला माहीत नाही. कडी लावली, पलंगावर चढलो, मेधाचा हात घट्ट धरला. घाबरलो वगैरे नव्हतो हो, तिला आधार म्हणून! थोड्या वेळाने नळ गुरगुरला. पाणी! लाइट आली, एसीसुद्धा घरघरायला लागला. पायरीवर बघतो तर बांगड्याचा काटाही नाही, आणि ग्लास धुऊन उपडा ठेवलेला.

"भूत ग्लास धुतं?" मेधा म्हणाली.

"जागृत स्थान आहे," मी म्हटलं. काय रुबाब होता माझा! पहिल्यांदाच ती माझ्याकडे जरा आदराने बघत होती.

सकाळी निघताना मी मालकांपुढे पाकीट धरलं. "राखणदाराचं आहे. कुठे ठेवू?"

"ठेवतास कित्याक? हातात द्या." त्यांनी हाक मारली, "रे बाबल!"

खाकी शर्टातला एक म्हातारा काठी टेकत आला.

"हो आमचो राखणदार," मालक म्हणाले. "पंप आणि फ्यूज ह्योच बघता."

बाबलने पाकीट घेतलं आणि मेधाला कौतुकाने सांगायला लागला. "बाकीचे पावणे 'ए वॉचमन' म्हणान बोंबलतत. ह्येंनी हात जोडून गाऱ्हाणा घातला. मगे माका व्हय म्हणाक नको?"

मग माझ्याकडे वळून त्याने अगदी मायेने विचारलं, "पण साहेबानू, बादलीभर पाण्यासाठी कोण एवढा रडता?"