मामांनी मागितलेला उतार

आमच्या हिच्या मामांना ‘नाही’ म्हणून सुखरूप घरी परतलेला माणूस यवतच्या पंचक्रोशीत मी तरी पाहिलेला नाही. आमची खरी ओळख माझ्याच चुकीनं झाली. लग्नात त्यांना फेट्यात पाहिलेलं. वर्षभरानं गावाबाहेर नवं रेल्वे स्टेशन बांधायला घेतलं, तिथं खडीच्या ढिगावर घोंगडी टाकून, काठी घेऊन बसलेला माणूस मला वॉचमन वाटला. ‘जरा स्कूटरकडं लक्ष ठेवा हो,’ मी म्हणालो. ‘ठिवतो की जावई. पर भाची दिलीया तुमाला, तिच्याकडं तुमीच ठिवा.’

वॉचमन नसले तरी मामा तिथं रोज हजर असत. निम्मा जन्म मेंढरांमागं गेलेला, त्यामुळं जगातली सगळी उंची ते मेंढरात मोजत. ‘ही भिंत अर्धं मेंढरू वर गेली,’ असं सांगून गवंड्याला ती उतरवायला लावत. बिहारी मजुरांना ‘लेकरांनो, पहले जेव लो, फिर घमेलं उचलो,’ अशा हिंदीत दटावत. मेंढराच्या मोडक्या पायाला बांबूच्या खपच्या बांधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. माणसांनाही ते बांधत. विचारून बांधत, असं मात्र नाही.

त्यांचं मागणं एकच होतं. फलाटाला उतार हवा. नकाशात होत्या नुसत्या पायऱ्या. मामींचा उजवा गुडघा वाकत नव्हता, दर आठवड्याला दौंडचा दवाखाना होता, आणि एसटीची पायरी म्हणजे त्यांना डोंगर. आता दौंडची शटल गाडी गावात थांबणार म्हणून बाई हरखून गेल्या होत्या.

‘मामा, उतार नियमात बसत नाही,’ इंजिनिअर म्हणाला.

‘बायकू यष्टीत बसंना, उतार नियमात बसंना. मग मीच बसतो!’ आणि मामा पायऱ्यांच्या जागेवर फतकल मारून बसले. काम दोन दिवस अडलं. तिसऱ्या दिवशी समजूत काढून त्यांना उठवलं आणि पायऱ्या झाल्या.

मग मोठे साहेब पाहणीला आले. मी बघ्यांत मागं उभा होतो.

‘जावई, पाय फुडं करा.’

मी केला. सासुरवाडीच्या माणसाला कारण कोण विचारणार? मामांनी गुडघ्याला दोन्ही बाजूंनी खपच्या लावून पटक्यानं करकचून आवळल्या. ‘मामीचा गुडघा असाच हाय. चढा.’ तिसऱ्या पायरीवर मी जो कलंडलो, तो सगळ्या गावासमोर थेट पहिलीवर येऊन बसलो. साहेब पोट धरून हसले.

‘हसताय व्हय? या तुमी!’

इंजिनिअर मधे पडायला निघाला. पण साहेब खिलाडू निघाले. त्यांनी खपच्यांखाली पॅन्टची इस्त्री मोडू दिली. दुसऱ्या पायरीवर कठडा शोधला, तो नव्हता. चौथीवर घामेजून खाली बसले. हसायला कुणी धजलं नाही.

‘सोडा,’ ते म्हणाले. मग इंजिनिअरला, ‘नियमाचं मी बघतो. उतार घ्या.’

पहिली शटल आली तेव्हा मामी त्या उतारावरून सावकाश वर गेल्या. मामा सवयीनं चार पावलं पुढं होते. वर पोचल्यावर वळले आणि काठी टेकून त्या येईपर्यंत थांबले. तोवर मी त्यांना कुणासाठी थांबलेलं पाहिलं नव्हतं.

घरी हिनं, पायरीवर आपटल्यापासून दुखणाऱ्या माझ्या कमरेला तेल चोळत म्हटलं, ‘मामांनी सांगितलं म्हणून बांधून घेतलात. माझा गुडघा धरेल ना, तेव्हा न सांगता बांधून घ्या.’