आँतेल्मचा हातोडा

आँतेल्म ब्रायोंचे पुढचे तीन दात विशीतच गेले. फ्रान्समधल्या आमच्या बोजोलेत नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी नवी वाइन निघते. त्या वर्षी पिंपाला तोटी ठोकायचा मान त्याला पहिल्यांदा मिळाला आणि वरचं बूच सैल करायला तो विसरला. नवी वाइन पिंपात अजून फसफसत असते. कोंडलेल्या वायूने तोटी उलटी उडाली, ती थेट तोंडावर.

पुढे म्हातारपणापर्यंत त्याने हातोडा सोडला नाही. लेकीला, ओदेतला, मात्र रोज घोकवलं, "आधी बूच."

यंदा त्याचा खांदा गेला. सकाळी भर चौकात त्याने हातोडा ओदेतच्या हाती दिला. नव्या ठोकणाऱ्याने पहिला ग्लास जुन्याला द्यायचा, ही गावची रीत. त्या ग्लासासाठी म्हातारा वर्षभर झुरला होता.

गास्पार खाटीक पुढे आला. "पोरीच्या हातून पिंप? पुढच्या वर्षी मांजर आणा!"

"तू आपली डुकरं काप, गास्पार. पिंप ओरडत नाही, तुला करमायचं नाही," आँतेल्म म्हणाला.

लोक खदखदून हसले. गास्पारने म्हाताऱ्याच्या बरगडीत गुद्दा घातला. बाक उलटलं, सॉसेजची ताटं पायाखाली फुटली. ओदेत गास्पारच्या मनगटाला कडकडून चावली. त्याने तिचा हात पिरगाळला, तिला बापाच्या अंगावर फेकलं आणि हातोडा उचलला.

बूच अजून घट्ट होतं. ओदेतने ओरडायला तोंड उघडलं. आँतेल्मने तिच्या तोंडावर पंजा दाबला.

"ठोकू दे त्याला," तो पुटपुटला.

घाव बसला. तोटी सुटली, गास्पारचा जबडा कडाडला. लाल धार त्याच्या छातीवर आदळत राहिली. त्यात रक्त किती, कळेना.

ओदेत बापाचा हात झटकून उठली. तळव्याने भोक दाबलं, दुसऱ्या हाताने बूच ढिलं केलं, तोटी बसवून दोन घावांत ठोकली. आता चौकात कुणी हसत नव्हतं.

तिने पहिला ग्लास भरला. नव्या वाइनचा पिकल्या केळ्यासारखा वास सुटला. आँतेल्मने बसल्या जागेवरून हात पुढे केला.

ती ग्लास घेऊन त्याला ओलांडून गेली आणि गास्पारशेजारी गुडघ्यांवर बसली.

"तोंड उघड," ती म्हणाली, "खळखळून थुंक."