‘नाही’ ऐकायला आलेले अप्पासाहेब

अप्पासाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा, खरं सांगते, मला आधी हायसं वाटलं. दोनच दिवसांपूर्वी भेटले होते, तर म्हणाले, झोपेत गेलो की सुटलो... आणि तसेच गेले. रडू मागून आलं, पुष्कळ आलं.

आमची ओळख सत्तरच्या दशकाच्या अखेरची. ते देशावरच्या एका जुन्या जहागिरीचे वारस, आणि मी नुकतंच ऑफिस थाटलेली आर्किटेक्ट. वाशी तेव्हा अर्धी चिखल, अर्धी खडी. तिथल्या त्यांच्या लहानशा प्लॉटवर त्यांच्या कारभाऱ्यांना कमान हवी होती, अंबारीसकट हत्ती आत जाईल एवढी. अहो, हत्ती कुठला? होती एक जुनी मोटार, तीही ढकलल्याशिवाय चालू होत नसे! माझ्या हातात दुसरं काम नव्हतं. हे गेलं असतं तर ऑफिसला कुलूपच. पण माझं तोंड मेलं फटकळ. सगळ्यांदेखत म्हणाले, “नाही सरकार, ही कमान मी काढणार नाही. शेजारी हसतील तुम्हाला.”

कारभारी लालबुंद झाले. अप्पासाहेब उठून गेले. मी नकाशा गुंडाळला, म्हटलं, संपलं. संध्याकाळी ते एकटेच परत आले. “बाई, तुमच्याआधी पाच आर्किटेक्टांकडे जाऊन आलो. पाचही म्हणाले, जी सरकार. कारभारी म्हणजे वडिलांच्या वेळची माणसं, मला त्यांना नाही म्हणवत नाही. तुम्ही म्हणालात... सुटलो.”

मग कमरेएवढी भिंत झाली, साधं फाटक झालं. पुढे सगळ्या नातेवाइकांत ते माझी शिफारस करत फिरले, बाई भांडतात पण घर चांगलं बांधतात म्हणून. दर रविवारी चहाला बोलवत आणि नव्या नकाशावरून माझ्याशी वाद घालत.

परवा त्यांच्या लेकीला, ताईसाहेबांना, भेटायला वाशीच्या त्या घरी गेले. त्यांना एकच गोष्ट खात होती. बाबा या परक्या गावात, आपल्या माणसांवाचून, एकटे तर पडले नसतील? तेवढ्यात भिंतीवरून हाक आली, “भाऊ, बोंबील हाय ताजा!” मासेवाली महिनाभर उरणला लेकीकडे होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. सांगितलं तशी ती पाटी उतरवून पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

“रोज भांडायचा माज्याशी,” ती म्हणाली. “पयला नाय म्हनायचा, मंग घ्यायचा. येक दिस सोडला नाय.”

“बाबा? नाही म्हणायचे?” ताईसाहेबांनी मला विचारलं, आणि डोळे भरलेले असतानाच त्या हसल्या.