मांडवातली मामाची जागा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आळेफाट्याला आमच्या दुकानात होते. मामी एवढंच म्हणाली, "झोपेतच गेले गं..." निवृत्तीनंतर मामा पेठला राहायचा; तिथे पोचेपर्यंत डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मग अंगणात माणसं जमलेली पाहिली आणि मला माझ्या लग्नाचा मांडव आठवला.

मामा मूळचा घाटघरचा. आयटीआय करून समुद्राकाठच्या एका प्रकल्पात लागला. अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनातला कामाचा भाग वेगळा काढायचा, म्हणजे त्यातून पुन्हा वीज करता येते, हे त्याचं काम. "आपली आजी अर्धी जळकी लाकडं पाणी मारून इझवायची, अन् त्याच कोळशावर सकाळी च्या व्हायचा. आमी तेच करतो, फक्त जाड भिंतीआडून, यंत्राच्या हातानं," असं तो सांगायचा. आम्हाला पटायचं. गावाला मात्र त्याच्या अंगातून किरणं निघताना दिसायची! लग्नात त्याने आणलेली पिवळी साडी आत्याने दोन दिवस गच्चीवर वाळत घातली, किरणं उडून जावीत म्हणून. मामा खो खो हसला. "आक्का, उन्हात बी किरणंच असत्यात की!"

मांडवात मात्र हसण्यावारी गेलं नाही. नवरीच्या पाठीशी मामाने उभं राहायचं, ही आपली रीत. अंतरपाट दूर झाला, मी वळून पाहिलं, तर मागे आईचा चुलतभाऊ. "कंबर धरली गं माझी," मामा लांबून ओरडला. सासरकडच्यांनी त्याला बाजूला घेऊन काय सांगितलं होतं, ते मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. तेव्हा भांडायला काही उरलं नव्हतं. त्याची ती जागा त्याला पुन्हा कुठून आणून देणार? ही चुटपुट आता जन्माची.

मुलगा झाल्यावर त्याला घेऊन मी पेठला जायचे. पोर मांडीवर चढलं की मामा खुलायचा, पण आपणहून हात कधी पुढे केला नाही. मला वाटायचं, वयाने बुजरा झालाय.

परवा मामीकडे गेले. बोलता बोलता ती म्हणाली, "तू पोराला घेऊन येणार म्हणलं की हे दुसऱ्यांदा आंघोळ करायचे. मी म्हणायचे, अवो, तुमाला तर ठावं हाय ना, अंगाला काय नसतं ते? तर म्हणायचे, मला ठावं हाय गं... पोरीच्या सासरी न्हाई ना."

न्हाणीत त्याच्या साबणाची वडी अजून तशीच आहे. ती हातात घेऊन मी तिथेच बसून राहिले.