माझा पिंजारी हात उचलत नाही

"यात तलाक कुठाय?" प्रकाशकांनी विचारलं.

साताऱ्यातलं त्यांचं ऑफिस. टेबलावर माझ्या पहिल्या कादंबरीचं बाड. मेथीची जुडी विकत घेण्याआधी उलटीपालटी करतात, तशी ते पानं उलटत होते.

"नाहीये," मी म्हणाले.

"मारहाण?"

"नाही."

"भाऊ तरी विरोध करत असेल? बत्तीस वर्षांची मुलगी स्वतःचं लग्न स्वतः जमवते, म्हणजे घरात काहीतरी..."

"भाऊ येतो. नायकाला म्हणतो, जेवून जा."

त्यांनी चष्मा काढला. "नसीमबाई, मग या कादंबरीत होतं काय?"

"प्रेम होतं, सर. पहिल्याच पानावर लिहिलंय. प्रेमकथा."

ते हसले. माणूस वाईट नव्हता. चहा मागवला, बिस्किटं मागवली. म्हणाले, "भाषा सुंदर आहे हो तुमची. तुमच्या समाजातून इतकं चांगलं मराठी..."

"सांगलीतून म्हणताय का?"

"नाही, म्हणजे..."

म्हणजे काय ते मला कळलं होतं. त्यांनाही कळलं होतं. चहा आला म्हणून दोघं वाचलो.

मुद्दा असा निघाला की कादंबरीत एक प्रकरण कमी आहे. नायक नायिकेला एकदा मारतो. एकदाच. ती घर सोडते. त्याला पश्चात्ताप होतो, वाचक रडतो, शेवट गोड. एवढं लिहून दिलं की पुस्तक त्यांचं. मुखपृष्ठही डोक्यात तयार होतं. नकाबातले दोन डोळे.

"माझी नायिका नकाब घालत नाही, सर. पिको-फॉलचं दुकान चालवते."

"अहो, दुकानात लांबून कळायला पाहिजे ना, पुस्तक कशाबद्दल आहे!"

मी म्हणाले, लिहून बघते. का म्हणाले, ते सांगायला हवं. बाड आधी दोन ठिकाणांहून परत आलं होतं. पत्रकं लिहिणाऱ्या बाईला पुस्तक हवं असतं. पत्रक लोक वाचतात आणि त्यात भजी बांधतात.

होय, माझा धंदा पत्रकांचा. सांगलीत आमची कामगार बायकांची एक संघटना आहे. माधवनगरच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्या, घरी बसून शिलाई करणाऱ्या, बेदाण्याच्या शेडवर माल निवडणाऱ्या. त्यांची पत्रकं मी लिहिते. बेदाण्याची शेड म्हणजे मोठा पत्र्याचा हॉल. तिथं बायका खाली बसून बेदाण्यातल्या काड्या आणि काळा माल वेगळा काढतात. तिथं संडास नव्हता. माझं पहिलं पत्रक त्या संडासाचं. संडास झाला. त्या दिवसापासून मला वाटतं, लिहून काहीतरी होतं.

पत्रकाचं शास्त्र साधं आहे. एक पान, एक मागणी. पहिल्या ओळीत दुखणं, शेवटच्या ओळीत जागा आणि वेळ. आणि आमचा एक नियम. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचून दाखवल्याशिवाय प्रेसला जायचं नाही. वाचताना कुणी मान वर केली तर ओळ ठेवायची. कुणी शेजारणीशी बोलायला लागली तर ओळ कापायची. वाद घालायचा नाही.

कादंबरीही मी अशीच लिहिली. सकाळी प्रकरण लिहायचं, शेडवर जेवणाच्या सुट्टीत वाचायचं. संघटनेच्या ताई वैतागल्या. "नसीम, सध्याचे दिवस काय, आणि तू प्रेमकथा लिहितेस?" मी म्हणाले, ताई, सध्याचे दिवस असे आहेत म्हणूनच. आमच्या वस्तीचं नाव पेपरात कधी येतं? काही पेटलं तर. कुणी कुणाला पळवलं तर. कुणाला सोडलं तर. त्याच वस्तीत रोज संध्याकाळी नवरे मटकीची पुडी घेऊन घरी येतात आणि बायका दार उघडून हसतात. याची बातमी होत नाही. मग मी त्याची कादंबरी करणार. यात कुणाची परवानगी लागते?

ती संध्याकाळ माझ्या घरचीच आहे. माझे अब्बा पिंजारी. गाद्यांचे कारागीर. जुनी गादी उसवायची, गठ्ठा झालेला कापूस मशीनवर पिंजून मोकळा करायचा, पुन्हा भरून दाभणानं टाके घालायचे. विट्यापासून जतपर्यंत टेम्पो घेऊन फिरायचे. घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. अम्मी त्यांना दारात उभं करायची आणि एकेक तंतू चिमटीनं काढायची. ते डोळे मिटून उभे राहायचे. शेजारी बघतायत, आम्ही पोरं खिदळतोय, भाजी करपतेय. अम्मीला घाई नसायची.

आता फोमच्या गाद्या आल्या. अब्बा घरी असतात. भुवईत कापूस नसतो. तरी बोलता बोलता अम्मीचा हात तिकडं जातो.

माझ्या कादंबरीचा नायक तो. नाव बदललं, तारुण्य दिलं, टेम्पोऐवजी मोटरसायकल दिली. मी लिहायला बसले की अम्मी डोकावायची. "इत्ता क्या लिखती गे?"

"तुझं लिहितेय."

"मेरा क्या है लिखने जैसा? नक्को."

म्हणजे प्रकाशक आणि अम्मी यांचं एका बाबतीत एकमत होतं. इथं लिहिण्यासारखं काही घडत नाही.

शेडवर मात्र घडत होतं. सुमनमावशी ही तिथली पुढारी. जतकडची, धनगराघरची. तरुणपणी मेंढरांमागं फिरलेली, आता मुलाकडं राहते. तिला कादंबरीतला पिंजारी इतका आवडला की ती त्याला 'आमचं पोरगं' म्हणायची. पहिल्या खर्ड्यात आमच्या पोरानं लग्नाची मागणी घातली, तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"आगं, ह्यो लग्नाचं इचारतोय का मोर्चा काढतोय? 'माझं म्हणणं तीन मुद्द्यांत मांडतो' म्हनं!"

"मग कसं विचारायचं मावशी?"

"मला काय ठावं? मला कोन इचारलंय! आमी पाटावर बसल्यावर त्वांड बगितलं. पर मुद्दं न्हवतं त्यात."

सगळी शेड हसली. मी मुद्दे कापले. नायक आता नुसता म्हणतो, "तुमच्या दुकानाची गादी लय बसलीय. पुन्हा येऊन बघू का?" गादी तर त्यानं गेल्याच महिन्यात भरलेली असते. तिला ते माहीत असतं. ती म्हणते, बघा. त्या ओळीला सगळ्या माना वर झाल्या. एकजण म्हणाली, "आता कळ्ळं."

तर साताऱ्याहून आल्यावर मी ते मारहाणीचं प्रकरण लिहिलं. चांगलं लिहिलं, हे सांगते. मारहाणीबद्दल लिहायचा मला सराव आहे. खऱ्या बायकांच्या खऱ्या तक्रारी मी वर्षानुवर्षं पत्रकांत मांडल्यात, पुढेही मांडणार. आवाज, बांगडी, दाराची कडी, सगळं बरोबर उतरलं. ते घेऊन शेडवर गेले. काही सांगितलं नाही. सरळ वाचायला लागले.

थप्पड बसली तिथं एकही मान वर झाली नाही. बायका डबे झाकायला लागल्या. सुट्टी संपायला अवकाश होता.

"काय झालं?" मी विचारलं.

सुमनमावशी माझ्याकडं बघेना. "ह्यो दुसरा कुनीतरी हाय."

"तोच आहे मावशी. राग आला त्याला."

"राग समद्यास्नी येतो. त्ये काय म्या बगितलं न्हाई व्हय? घरात बगितलंय, शेजारी बगितलंय. ह्या पोराचं लिव्हत हुतीस तवा वाटलं, एक तरी हाय बाबा. त्याला बी कशाला बिगडीवलास?"

"प्रकाशक म्हणतात, लोकांना पटत नाही. आमच्यातला नवरा मारत नाही हे."

मावशीनं डब्याचं झाकण दाबलं. "आगं, मग त्यास्नी म्हनावं, तुमच्यातला न्हाई मारत का?"

कुणी हसलं नाही. सुट्टी संपली.

घरी आले. अब्बा ओट्यावर बसून लसूण सोलत होते. अम्मी शेजारी. त्या माणसाच्या हाताकडं मी बघत राहिले. दाभणानं बोटं चिरलेली, अंगठ्याला घट्टा पडलेला. या हातानं बायकोला मारल्याचं मी लिहून आले होते. का? तर साताऱ्यातल्या एका दुकानात पुस्तक लांबून ओळखू यावं म्हणून.

प्रकरण फाडलं. प्रकाशकांना फोन लावला.

"सर, माझा पिंजारी हात उचलत नाही."

"नसीमबाई, भावनेच्या भरात..."

"नाही सर. वाचून दाखवलं. नापास झालं."

"कुणी नापास केलं? कुठल्या समीक्षकानं?"

"बेदाणा निवडणाऱ्यांनी."

मग ते सरळ बोलले. "मग मला हे पुस्तक करता येणार नाही."

"बाड ठेवा ऑफिसात. मी येऊन घेऊन जाते."

पोस्टानं पाठवतो म्हणाले. मी गेलेच. त्यांच्या टेबलावरून माझ्या हातानं उचललं.

आमची पत्रकं छापणारा प्रेसवाला सांगलीतच. तो म्हणाला, छापू की, लग्नपत्रिकांच्या मधेमधे. पुस्तक फॉर्म्यांत छापतात. फॉर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी सोळा पानं छापायची आणि घड्या घालायच्या. असे फॉर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. मुखपृष्ठावर मी गादीच्या कापडाचे निळे-पांढरे पट्टे घेतले. डोळे नाहीत. कुणाचेच नाहीत. फॉर्मे झाले आणि काम अडलं. बाइंडर शाळेच्या वह्यांत अडकलेला. दिवाळीनंतर बघू म्हणाला.

गठ्ठे घरात येऊन पडले. अब्बांनी एक फॉर्मा हातात घेतला, घडीवरून अंगठा फिरवला.

"सीना है ना इसको?"

"हां अब्बा. पर बाइंडर..."

"दाभन ला."

अम्मी दोऱ्याला मेण लावून द्यायची, अब्बा शिवायचे. कादंबरीत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. अम्मीनं मात्र एकदा भुवयांचं पान माझ्याकडून वाचून घेतलं. ऐकून म्हणाली, "भाजी नै जलती थी. झूट लिखी तू." बाकी सगळं मंजूर.

पुढं साताऱ्यात पुस्तकांचं प्रदर्शन भरलं. मला कोपऱ्यातलं अर्धं टेबल मिळालं. अर्ध्यावर माझं पुस्तक, अर्ध्यावर शेजाऱ्याच्या आरत्या. प्रकाशक फिरत फिरत आले. ओळख दाखवली, हे त्यांचं मोठेपण. पुस्तक उचललं. या धंद्यातली जुनी माणसं आधी वाचत नाहीत, शिवण बघतात. त्यांनी पुस्तक मधोमध उघडलं, दोन्ही बाजूंनी ताणलं, टाके बघितले. एकही पान हललं नाही.

"शिलाई पक्की आहे," ते म्हणाले. "बाइंडर कोण?"

"नायक."

त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि विकत घेतलं. वाचलं की नाही, ते मला माहीत नाही. मी विचारणारही नाही.

नव्यानं लिहिणाऱ्यांनी माझ्याकडून एवढंच घ्यावं. आपल्या माणसांचं सुख छापून आणायलाही आंदोलनच करावं लागतं. मागणी एकच ठेवावी. फरक इतकाच, की या आंदोलनात समोरची पार्टी चहा-बिस्किटं देते. ती खावीत. बाड उचलून आणावं.