बापूच्या टोप्या

बापू गेल्याची बातमी मी सकाळी चहाबरोबर वाचली आणि पान उलटलं. खोटं वाटेल, पण तसंच झालं. ‘मलकापूर येथील कुमारी सुमन जाधव यांचे अल्पशा आजाराने निधन. रक्षाविसर्जन गुरुवारी सकाळी.’ बापूही जाधवच, पण कराड भागात जाधव काय थोडे? असेल कोणी मास्तरीण, म्हणून त्याच पेपरात दुपारची भाकरी बांधली आणि कुपवाडला कामावर गेलो. शेजारचा लेथ बंद होता. बापूला कावीळ झाली होती, औषध घ्यायला गावाकडं गेला होता. त्याच्या मशीनकडं बघत मी दुपारी जेवलो... नऊ वर्षं ज्याच्या शेजारी उभा राहिलो, त्याच्या मरणाच्या बातमीवर भाकरी ठेवून.

आमच्या वर्कशॉपात पंपाचे शाफ्ट बनतात. बापू आला तेव्हा अंगात शर्ट-पँट, केस बारीक कापलेले, आवाज तेवढा पातळ. पहिल्याच दिवशी चहाच्या सुट्टीत त्यानं सगळ्यांना उभ्या उभ्या सांगून टाकलं, “मी बापू. आला-गेला म्हणायचं, आली-गेली म्हणायचं न्हाई. बाईच्या जन्माला आलोय, पर बाई न्हाई. एकदा सांगितलं. आता कामाचं इचारा.” फोरमननं दात कोरत विचारलं, “मग खरं नाव काय रं तुझं?” बापू म्हणाला, “ते कवाच मेलंय,” आणि लेथ चालू केला. त्या आवाजात कोण काय बोलणार? पुढं हेच त्याचं उत्तर झालं. विचारणारे मात्र थकले नाहीत. संडासाच्या दारापर्यंत मागं जाणारे होते, पैजा लावणारे होते. पुरुष होण्यासाठी ज्यांनी आयुष्यात काडीचे कष्ट घेतले नाहीत, ते महाभाग बापूकडं पुरुषपणाचा दाखला मागत. यातले निम्मे घरी बायकोसमोर मांजर होते, हे मला चांगलं ठाऊक आहे.

खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा असते. मशीन पुसून, हार घालून दिवसभर बंद ठेवतात. मालकीणबाई गड्यांना टोपी, टॉवेल, नारळ देतात आणि झाडलोटीच्या मावशींना खण. पहिल्या वर्षी त्यांनी बापूपुढं खण धरला. “लाजू नका हो, सणाच्या दिवशी तरी माणसानं खरं वागावं,” म्हणाल्या. आपण फार मोठ्या मनानं वागतोय असा भाव चेहऱ्यावर नुसता ओसंडत होता. बापूचे हात पाठीमागंच राहिले. “वहिनी, ह्यो खण मावशीचा हाय. माझी टोपी द्या.” सगळे हसले. मीही हसलो. बापू वळला आणि त्यानं हारासकट लेथ चालू केला. झेंडू उडाले ते थेट मालकीणबाईंच्या पैठणीवर.

पुढच्या वर्षी टोपी मिळाली. मालकांना काही साक्षात्कार झाला नव्हता. बापूच्या हातचा शाफ्ट गिऱ्हाइकाकडून परत येत नाही, हे त्यांना दिसलं होतं. माणूस पटत नाही, माल पटतो. बापूनं ती टोपी घातली नाही, घडी करून हत्यारांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. नंतरच्याही तशाच ठेवल्या. एकदा मी माझ्या त्या हसण्याबद्दल चुकलं म्हणालो, तर म्हणाला, “मग एक कर. माझं जुनं नाव कवा इचारू नको, कुणी सांगाय लागलं तर ऐकू नको.” तेवढं मात्र मी पाळलं, आणि पाळल्याचा मला गर्व होता.

गावाकडं निघताना तो पिवळ्या डोळ्यांनी हसत म्हणाला होता, “काय झालंच तर तुमी या रं. भावकीच्या हातात सोडू नका. मला टोपी घालून जायाचं हाय.” मी म्हणालो, “काविळीनं कोण मरतंय गड्या!”

पंधरा दिवस झाले, तो येईना. तेव्हा त्याच्या गावाला, मलकापूरला गेलो. पुतण्या दारातच म्हणाला, “आत्या गेली की. पेपरात दिलं हुतं, तुमच्याकडनं कोण आलंच न्हाई.” वर तक्रार! मग कौतुकानं सांगू लागला, “हिरवी साडी नेसवली, काठाची. लय शोभली. जल्मभर न्हाई नेसली, पर आमी आमचं कर्तव्य केलं.” या कर्तव्यवाल्यांनी कधी एक पोस्टकार्ड टाकलं नव्हतं. बापूनं कधीच पुरून टाकलेल्या बाईची बातमी त्यांनी पेपरात दिली, आणि बापू गेल्याचं कुणाला कळलंच नाही. मला त्या माणसाची किळस आली. माझीही आली. मी नाव विचारलं नाही, म्हणून वाचूनही मला कळलं नाही, आणि निदान रक्षेबरोबर त्याची टोपी सोडायची, एवढंसं कामही माझ्या हातून झालं नाही. गुरुवारी सकाळी मी ओव्हरटाइमला होतो.

गेल्या आठवड्यात तो पुतण्या वर्कशॉपात आला. आत्याचं काय सामान असेल ते द्या म्हणाला. मी ड्रॉवर उघडला. पाने, कॅलिपर, आणि तळाशी आठ पांढऱ्या टोप्या, घडी न मोडलेल्या... तेलाचा एक डाग नाही. हत्यारं त्यानं भराभर पिशवीत टाकली. टोप्यांना हात लावून म्हणाला, “ह्या कुणाच्या?”

“बापूच्या.”

“कोण बापू?”

मी टोप्या उचलल्या, ड्रॉवर लावला आणि लेथ चालू केला.